मनुबाईच्या अंगणातला थांबा

कुंडलिका भिऱ्याच्या डोंगरातून उतरते, कोलाड आणि रोहा मागे टाकते आणि साळावच्या पुलाखालून समुद्राकडे जाते. पुण्याच्या मृणाली देवस्थळीने या नदीच्या काठाकाठाने सायकलींचा दोन दिवसांचा मार्ग आखला होता. पहिल्या दिवशी भिरा ते रोहा, दुसऱ्या दिवशी रोहा ते चौल. वाटेत अवचितगड खालून बघायचा, बिरवाडीचा किल्ला चढायचा, कोर्लईला जाऊन यायचं, रेवदंड्याचा पोर्तुगीज मनोरा पाहायचा आणि चौलच्या रामेश्वराच्या तळ्याकाठी सायकली उभ्या करून एकमेकांचे फोटो काढायचे. तिच्या छापील नकाशावर बिरवाडी आणि साळाव यांच्या मध्ये, नदीला अगदी चिकटून, एका किटलीचं चित्र होतं आणि त्याखाली लिहिलं होतं: वेळखार, वीरगळ, नाश्ता.

ती किटली म्हणजे मनुबाई खेरटकर हिचं अंगण. त्या अंगणात गावातल्या कुणी पावणेसात वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, हे नकाशावर नव्हतं.

वेळखार एकशे बारा घरांचं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून नदीच्या कडेने मातीचा उंच बांध, बांधाच्या आत भाताची खाचरं आणि खाचरांच्या पलीकडे वस्ती. खेरटकरांचं घर मात्र वस्ती सोडून, बांधाला लागून. एकच लांब कौलारू छप्पर आणि मधोमध भिंत. पूर्वेकडचा खण मनुबाईचा, पश्चिमेकडचा तिच्या थोरल्या जावेचा, सखुबाईचा. विहीर एक, अंगण एक, आणि सासूच्या वेळचं जातं एक, ते सखुबाईच्या पडवीत. सखुबाईचा नवरा तिशीतच गेला होता, मूलबाळ नव्हतं. मनुबाईचा मुलगा शुभम या खणात जेवायचा आणि त्या खणात झोपायचा. सखुबाईला तो मोठी आई म्हणायचा. अंगणाच्या टोकाला उंबराखाली तीन कोरीव दगड उभे होते. त्यांना मात्र सगळं गाव नारळ द्यायचं.

त्या दगडांशेजारच्या पट्टीवरून सगळं झालं. २०१८च्या शिमग्याआधी गावकीने ठरवलं की पालखी विसावायला तिथे चौथरा बांधायचा. ठरल्यावर चार माणसं घरी सांगायला आली. मनुबाईचा नवरा मोरू मान डोलवणार होता, तेवढ्यात सखुबाई पदर खोचून पुढे झाली. "मागाया आला असतात तर दिली असती. तुम्ही सांगाया आलात," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गावकीने खुंट्या ठोकल्या. तिसऱ्या दिवशी सखुबाईने त्या उपटल्या, सुंभाने मोळी बांधली आणि डोक्यावरून पोलीस ठाण्यात नेऊन टाकली. होळीच्या रात्री गावकी बसली आणि दोन्ही घरं वाळीत पडली. त्यांच्याशी जो बोलेल त्याचं घर तिसरं.

वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नाही. कुणी दगड मारत नाही, शिवी देत नाही. तुम्ही दुकानात जाता आणि दुकानदार तुमच्या मागच्या माणसाला विचारतो, काय देऊ. पाणवठ्यावर गेलात की बायकांचं बोलणं थांबतं आणि तुम्ही वळलात की तिथूनच पुढे सुरू होतं. पोरांना कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण चार वर्षांचं मूलही तुमच्याकडे बघून हसायचं थांबतं. याविरुद्ध कायदा झालेला होता, शुभमने तो मोबाईलवर वाचूनही दाखवला. पण माणूस तुमच्याकडे बघत नाही याची तक्रार कशी लिहायची, हे ठाण्यातल्या हवालदारालाही सुचेना.

२०१९च्या जुलैत मोरू गेला. पाऊस धरून होता, गावातून एक माणूस आला नाही. मनुबाईचे दोन भाऊ माणगावहून पोहोचले, तिसरा खांदा शुभमचा, आणि चौथा लागला तेव्हा सखुबाईने पदर कमरेला गुंडाळला आणि तिरडीखाली शिरली. बाईने खांदा द्यायचा नसतो, असं सांगायलाही तिथे कुणी नव्हतं.

पुढे दोघी एकमेकींशी बोलायच्या. दुसरं कोण होतं? सखुबाईची जीभ तिखट. तांदूळ निवडताना ती गावातल्या एकेकाची नक्कल करायची. गावकीचा पंच गणराज, या दोघी दुरून दिसल्या की, वाट बदलताना कसा घाम पुसतो, हे ती इतकं हुबेहूब करायची की मनुबाईला ठसका लागायचा. "हस मने, हस. हसाया दंड न्हाय," ती म्हणायची. मनुबाई हसायची आणि मग आत जाऊन शुभमची पत्रिका ठेवलेला डबा उगाच उघडून बघायची. शुभम रोह्याच्या कारखान्यात कामाला होता, पगार बरा होता. तीन स्थळं आली. प्रत्येक वेळी पाहुण्यांनी पोहे खाल्ले, जाताना गावात चौकशी केली आणि परत फोन केला नाही. तिसऱ्या वेळी मुलीच्या मामाने सरळच विचारलं होतं की लग्नात तुमच्या बाजूने पंगतीला बसणार कोण. मनुबाई बारीक होत गेली. सखुबाई आपल्यामुळे असं झालं, असं कधी म्हणाली नाही. मनुबाईनेही तिला तसं कधी ऐकवलं नाही. मनात मात्र ते रोज म्हटलं.

मृणाली पहिल्यांदा आली ती २०२२च्या डिसेंबरात, पाणी मागायला. बांधावरून उतरताना तिच्या सायकलीची साखळी निसटली होती. मनुबाईने तांब्या दिला, तिने नाव विचारलं. मग दगडांबद्दल विचारलं, घर किती जुनं म्हणून विचारलं. अर्ध्या तासात ती परकी बाई जेवढं विचारून गेली तेवढं मनुबाईला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सायकल दिसेनाशी झाल्यावरही ती बांधावर उभी होती. सखुबाई मागून म्हणाली, "एवढी पायडलं मारून शेवटी साळावलाच जायचं व्हतं तर यष्टी हाय की."

पुढच्या हिवाळ्यापासून महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळी, बावीस-पंचवीस सायकली अंगणात यायला लागल्या. सखुबाई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, मनुबाई जवळ्याची चटणी आणि घावन वाढायची आणि वाढता वाढता दगडांची गोष्ट सांगायची: नदीतून चाचे आले, गावचे तीन वीर लढले, तिघे पडले. दर वेळी चुलीपासून आवाज यायचा, "तीन न्हाय गं, दोन. तिसरा दगड बाईचा हाय, त्यावर हात बघ, बांगड्या बघ." लोक हसायचे, दगडाजवळ जाऊन बांगड्या मोजायचे. पुढच्या वेळी मनुबाई पुन्हा तीनच सांगायची. तो आवाज यावा म्हणूनही असेल.

गाव लांबून बघत होतं. शहरातली माणसं वाळीतल्या घरी उतरतात, तिथे जेवतात, आपल्या देवळासमोरून नुसत्या घंट्या वाजवत जातात. गणराजने मृणालीला दोनदा गाठलं, देवळात नाश्त्याची सोय करू म्हणाला. तिने हसून नाही म्हटलं. लोक मावशींच्या भाकरीसाठी येतात, असं ती म्हणाली.

२०२४च्या डिसेंबरात, एकोणीस तारखेला गुरुवारी, सखुबाई चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरली होती तेव्हा गणराज अंगणात आला. ओट्यापाशी चपला काढल्या आणि म्हणाला, "मनुकाकी, चहा ठेवा."

हा पोर लहानपणी तिच्या अंगणात उंबरं वेचायचा. काकी ही हाक तिने पावणेसात वर्षांत ऐकली नव्हती. तिने चहा केला. साखर दोनदा पडली, गणराज तो तसाच प्यायला. मग त्याने सावकाश सांगितलं. माणगावची ऋतिका नावाची मुलगी, तिचा बाप त्याच्या ओळखीचा, शुभमबद्दल विचारत होता. गावकी मोरूकाकांचं घर परत घ्यायला तयार होती. सोमवारी देवळात यायचं, नारळ ठेवायचा. लग्न सगळं गाव उभं राहून करेल. सायकलवाल्यांचा नाश्ताही गावातल्या बायका मिळून करतील, याच अंगणात.

मनुबाईने विचारलं, आणि वहिनी?

सखुकाकींचं घर वेगळं, चौथऱ्यावरून त्यांनी घातलेली केस चालू आहे, असं गणराज म्हणाला. त्या घराला गावकीचा नियम तसाच राहणार. आणि नारळ ठेवल्यावर मनुकाकी गावात आल्या, म्हणजे नियम त्यांनाही.

"एका छपराखाली राहून?"

"भिंत हाय ना मधी," तो म्हणाला. "अंगणात कूड घालून देतो आम्ही."

लग्नापुरती तरी सूट द्या, असं ती दोनदा म्हणाली. गणराजने दोन्ही वेळा चहाच्या कपाकडे बघितलं. जाताना चपला पायात घालत एवढंच म्हणाला की माणगावची माणसं फार थांबणार नाहीत.

तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मनुबाईने सखुबाईशी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारल्या. चिंबोऱ्यांचं कालवण दोघींनी मिळून केलं. शुभमला तिने रविवारी सांगितलं, तोही घराबाहेर बोलावून, बांधावर. तो म्हणाला, मोठ्या आईला कोण सांगणार. ती म्हणाली, मी सांगते. तो नाही म्हणाला असता तर ती गेली नसती, असं तिने पुढे पुष्कळदा स्वतःला पटवलं. पण तो बत्तीस वर्षांचा होता आणि तो नाही म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी मनुबाई धुवट लुगडं नेसून निघाली. सखुबाई पडवीत जात्याशी बसली होती.

"कुठं निघालीस नटून?"

रोह्याला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, असं मनुबाईने सांगितलं.

"मग येताना माझी मशेरीची पुडी आण. इथला मेला माझ्या मागच्यालाच देतो."

आणते, असं मनुबाई म्हणाली. तो तिने सखुबाईशी बोललेला शेवटचा शब्द.

देवळात दोनशे माणसं होती. गणराजची आई बायजा, गावातली सगळ्यांत मानाची सवाष्ण, तिने मनुबाईला हात धरून बायकांत बसवलं. मनुबाईने नारळ ठेवला आणि ती सांगितलं तसं बोलली: त्या घराशी बोलणं नाही, देणं नाही, घेणं नाही. मग एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या. किती गं वाळलीस, शुभम किती उंच झाला, माझ्या सुनेला दुसरी मुलगी झाली, तुला कुठून कळणार. मनुबाई रडत होती, हसत होती, एकीचं उत्तर दुसरीला देत होती. दुपारी दुकानावरून आली तेव्हा दुकानदाराने तिला नावाने हाक मारली आणि काय देऊ म्हणून विचारलं. तिने साखर घेतली. मशेरीच्या पुड्या समोरच टांगलेल्या होत्या.

सखुबाई ओट्यावर वाट बघत होती. "आणलीस?"

मनुबाई खाली बघत दाराशी गेली.

"अगं, डोळ्यांत औषध घातलंय का कानात?"

मनुबाई कडी काढत होती. कडी नेहमीची, पण निघेना. सखुबाई उठून जवळ आली आणि तिच्या हाताकडे बघत राहिली. हातात फोडलेल्या नारळाची शकलं होती, वर देवळातलं फूल. तेवढं बघून सखुबाई एक पाऊल मागे सरली.

"व्हय का," ती म्हणाली.

कडी निघाली. मनुबाई आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी अंगणात करवंदीच्या काट्यांचा कूड घातला. दगड या बाजूला आले, विहीरही. सखुबाईने आता पाणी बांधाच्या आतल्या डबक्यातून आणायचं. पहिले काही दिवस ती भिंतीपलीकडून बोलत राहिली. मने, मीठ हाय का. मने, मांजरी व्यायली. मने, मला ताप वाटतोय, बघ जरा. तापाच्या दिवशी मनुबाई भिंतीला पाठ लावून बसली आणि बायजा आली तेव्हा उठून चहा ठेवायला लागली. मग भिंतीपलीकडून शिव्या आल्या, सगळ्या ठेवणीतल्या, तासभर. त्यानंतर काही आलं नाही.

जानेवारीत सायकली आल्या. अंगणात सतरा बायका होत्या, कागदी थाळ्या होत्या, गणराजने स्वागताचा फलक लावला होता. मृणालीने हेल्मेट काढलं आणि विचारलं, सखुमावशी कुठे? एकीने तिच्यापुढे थाळी धरली. तेवढ्यात कुडापलीकडून सखुबाईनेच हाक मारली, "मृणाली, ये बाय इकडं. मी अजून मेले न्हाय."

मृणाली निघाली. गणराज आडवा आला नाही. तो फक्त तिच्याबरोबर चालत चार वाक्यं बोलला: बांध गावकीचा आहे, दुरुस्ती गावकी करते, सायकलींमुळे माती ढासळते अशी लोकांची तक्रार आहे, आतापर्यंत त्याने ती दाबून धरली. मृणाली थांबली. तिने वळून मनुबाईकडे बघितलं. या एका क्षणी मनुबाईने नुसतं तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं. पण सतरा बायका बघत होत्या आणि शुभमचं रविवारी ठरायचं होतं.

"त्या बाईशी बोलू नका, ताई," ती म्हणाली. "ती चांगली न्हाय."

मृणालीच्या मागे बावीस माणसं भुकेली उभी होती. दहापर्यंत साळाव गाठायचं होतं, भरती-ओहोटी बघून कोर्लईची वेळ ठरवलेली होती. ती शिकलेली होती, तिला हे काय आहे ते कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने घड्याळ बघितलं. मग कुडाकडे हात अर्धवट वर केला आणि परत येऊन थाळी घेतली. नाश्त्यानंतर मनुबाईने दगडांची गोष्ट सांगितली. तीन वीर लढले, तिघे पडले, असं म्हणून ती सवयीने थांबली. पलीकडून काही आलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, पण या तिसऱ्या दगडावर बांगड्या आहेत. मनुबाई म्हणाली, असतील.

शुभमचं जमलं. सोळा फेब्रुवारी, रविवार ठरला. आदल्या दिवशी हळद, आणि त्याच सकाळी हंगामातल्या शेवटच्या सायकली येणार होत्या. गणराजने मृणालीला फोन करून मुद्दाम सांगितलं, पाहुण्यांना आमच्याकडची हळद बघायला मिळेल.

मांडव आंब्याच्या टहाळ्यांनी भरला होता. पाच सवाष्णींनी हळद दळायची होती. खेरटकरांच्या घरात दोन पिढ्यांच्या नवऱ्या मुलांची हळद सासूच्या जात्यावर निघालेली, पण ते जातं कुडापलीकडच्या खणात. बायजाने आपलं जातं टेम्पोतून आणवलं. पाट मांडले, हळकुंडं घातली, पहिली ओवी सुरू झाली आणि सायकली अंगणात शिरल्या. पाहुणे मोबाईल उंच धरून गोल करून उभे राहिले.

तेव्हा कुडापलीकडून दगड घासल्याचा आवाज आला. सखुबाई जात्याचा वरचा दगड उभा धरून लोटत आणत होती. तो तिने कुडाच्या फटीशी आणून आडवा केला, परत गेली आणि खालचा दगड गोणपाटावर घालून ओढत आणला. यात बराच वेळ गेला. गाणं थांबलं होतं, सगळे बघत होते. सखुबाईला धाप लागली होती. तिने केस नीट केले, काट्यांपलीकडे उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात बोलली.

"मने, जातं आणलंय. मला येऊ नको देऊस. दगड तेवढे घे. पोराची हळद त्यावर निघू दे."

मांडवातल्या सगळ्या माना मनुबाईकडे वळल्या. बायजाचा हात जात्याच्या खुंट्यावर थांबला होता. शुभम पाटावर बसलेला, मुंडावळ्यांआडून त्याने एकदा कुडाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

मनुबाईला दिसत होतं की सखुबाईच्या हाताला काटे लागलेत. तिने पदर सावरला आणि बायजाकडे वळली.

"दळा की आत्या," ती म्हणाली. "उशीर होतोय."

जातं फिरायला लागलं. ओवी पुन्हा पहिल्यापासून उचलली. सखुबाई थोडी उभी राहिली, मग आत गेली, दगड तसेच ठेवून. मागून आलेल्या एका सायकलवाल्या बाईंना सायकल टेकायला जागा मिळत नव्हती, त्यांनी ती त्या दगडांना लावून उभी केली.

मृणाली मनुबाईच्या शेजारी येऊन बसली आणि काही विचारणार होती, पण मनुबाईने तिला संधीच दिली नाही. ती सुनेच्या शिक्षणाबद्दल बोलत होती, पंगतीला किती माणूस येणार ते सांगत होती, या बाईला तिची ओळख करून देत होती, त्या पोराला पाणी आणायला पिटाळत होती. हळद निघाली, लागली, सायकली गेल्या, पत्रावळी उचलल्या. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मनुबाई एकदाही गप्प बसली नाही.